दुकानातील संगणक केव्हा बदलावेत: घाऊक व्यापाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

इचलकरंजीत आमचे यंत्रमागाच्या सुट्या भागांचे घाऊक दुकान आहे. पेढीवर पाच संगणक आहेत: दोन बिलिंगचे, एक हिशेबाचा, एक गोदामात वजनकाट्याशेजारी आणि एक मुख्य, ज्यावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा असतो. या पाचांच्या बाबतीत माझे दोन निर्णय चुकले. पहिल्या वेळी ‘सगळेच जुने झाले आहेत’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून बिलिंगचे दोन्ही संगणक बदलले; त्यांना खरे तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) एवढेच हवे होते, हे नंतर कळले. दुसऱ्या वेळी मुख्य संगणक ‘चालतो आहे ना, असू द्या’ म्हणून ठेवून दिला आणि त्याची हार्ड डिस्क नेमकी महिन्याच्या १९ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या मुदतीच्या आदल्या दिवशी बंद पडली. जिथे थांबायला हवे होते तिथे खर्च झाला आणि जिथे खर्च करायला हवा होता तिथे आम्ही थांबलो. म्हणून पहिलीच विनंती अशी की सगळ्या दुकानाचा मिळून एकच निर्णय घेऊ नका. कोणत्या संगणकावर कोणते काम चालते आणि तो एक दिवस बंद राहिला तर काय अडेल, हे पाहून प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्या.

१. महिनाभर अडथळ्यांची वही ठेवा

‘संगणक हळू चालतो’ ही तक्रार प्रत्येक दुकानात असते, पण तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. बिलिंगच्या टेबलावर एक साधी वही ठेवा आणि काम अडले की वेळ, संगणक, काय अडले, किती मिनिटे गेली आणि त्या वेळी कोण खोळंबले, एवढे लिहायला सांगा. आमच्या वहीतील एक नोंद अशी होती: ‘१०.४०, बिलिंग दोन, ई-वे बिल निघेना, १२ मिनिटे, टेम्पो दारात उभा.’ (ई-वे बिल म्हणजे माल पाठवताना सोबत लागणारा ऑनलाइन दस्तऐवज.) अशा नोंदी महिनाभर साठल्या की दुखणे कुठे आहे ते आपोआप दिसू लागते. आमच्याकडे निम्म्याहून अधिक नोंदींचा संगणकाच्या वयाशी काहीच संबंध निघाला नाही. काहींचे कारण यूपीएसची उतरलेली बॅटरी होती (ही बॅटरी साधारण दोन ते तीन वर्षांत उतरते), काहींचे नेटवर्कच्या तारेचे सैल झालेले टोक, तर काहींचे प्रिंटर.

एका संगणकावर रोज सकाळी जीएसटीचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडतच नसे आणि बिलांवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे रात्री वीज बंद केली की घड्याळ मागे जात असे, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात. तो सेल सीआर२०३२ या नावाने घड्याळजीकडेही मिळतो. वही ठेवली नसती तर तो संगणकही आम्ही त्याच आठवड्यात भंगारात काढला असता.

२. प्रत्येक संगणकाचे टिपण तयार करा

वहीबरोबरच प्रत्येक संगणकासाठी एक पान करा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

- खरेदीचे बिल, तारीख आणि वॉरंटीची मुदत
- प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम किती आणि डिस्क कोणती (हार्ड डिस्क की एसएसडी)
- विंडोजची आवृत्ती, तिचा परवाना खरा आहे का आणि तो कोणत्या प्रकारचा आहे
- त्यावर चालणारी सॉफ्टवेअर, त्यांचे परवाना क्रमांक आणि ते परवाने कोणत्या ईमेल पत्त्यावर नोंदले आहेत
- जोडलेली साधने: प्रिंटर, बारकोड स्कॅनर, वजनकाटा, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन
- या संगणकाविना दुकान किती तास चालू शकते, याचा तुमचा प्रामाणिक अंदाज

पहिली बरीच माहिती सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यातील अबाउट या ठिकाणी एका पानावर मिळते. प्रोसेसरचे नाव नीट उतरवून घ्या, कारण पुढचा निर्णय बराचसा त्यावर ठरतो. इंटेलच्या नावात ‘आय५-७४००’ असे लिहिले असेल तर आडव्या रेघेनंतरचा पहिला अंक म्हणजे पिढी, इथे सातवी. ‘आय५-८४००’ म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पुढे तिथे दोन अंक येतात.

यादीतील शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. बिलिंगचा एक संगणक बंद पडला तर दुसऱ्यावर भागते, मात्र मुख्य संगणक बंद पडला की पाचही बंद पडतात. आम्ही हे कधी लिहून काढले नव्हते, म्हणूनच सर्वांत जुने यंत्र सर्वांत महत्त्वाच्या जागी राहिले.

३. बाहेरून ठरलेल्या तारखा पाहा

आपल्या सोयीवर अवलंबून नसलेल्या काही तारखा असतात. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखाच सुरू होतो आणि त्यामुळेच आपण फसतो. त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी मात्र बुजवल्या जात नाहीत, आणि हळूहळू इतर सॉफ्टवेअरही साथ सोडतात. क्रोम ब्राउझरने २०२३ च्या सुरुवातीलाच विंडोज ७ आणि ८.१ यांना नव्या आवृत्त्या देणे थांबवले.

‘आमच्या दुकानावर कोण हल्ला करणार’ असे मलाही वाटत असे. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीच्या विषाणूने कोणाला निवडून गाठले नव्हते. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या हल्ल्यात आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. ज्या संगणकावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, जीएसटी भरता किंवा ईमेल उघडता, तो आधार संपलेल्या विंडोजवर एक महिनाही ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोदामात फक्त वजन नोंदवणारा आणि इंटरनेटला न जोडलेला संगणक मात्र आणखी काही काळ चालू शकतो.

विंडोज १० साठी व्यवसायांना पैसे भरून सुरक्षा दुरुस्त्या घेता येतात. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात, म्हणजे जवळपास एका साध्या नव्या संगणकाची किंमत. एखादे यंत्र वर्षभरासाठी ओढायचे असेल तरच हा मार्ग घ्यावा. दुसऱ्या वर्षी सहभागी झालात तर पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात.

कायद्याच्या तारखाही याच पानावर लिहा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक बदलाची नोंद आपोआप ठेवणारे सॉफ्टवेअर वापरावे लागते. तुमची उलाढाल त्या रेषेजवळ आली असेल, तर नवे सॉफ्टवेअर जुन्या यंत्रावर चालेल का, हा प्रश्न रेषा ओलांडण्याआधीच सोडवलेला बरा.

४. दुरुस्तीवर भागते का, ते तपासा

वहीत ज्या संगणकाच्या नोंदी खरोखर ‘हळू’ या प्रकारच्या असतील, त्यावर नेहमीचे काम चालू असतानाच टास्क मॅनेजर (कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा. डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर टेकलेला आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. रॅम ९० टक्क्यांच्या आसपास भरलेली दिसली तर रॅम वाढवा. प्रोसेसरच सतत वर टेकत असेल तर त्या यंत्रावर पैसे घालू नका. डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनात कळते. तिथे ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसले तर त्या दिवसापासून त्या डिस्कवर विश्वास ठेवू नये.

दुरुस्तीआधी एकच प्रश्न विचारा: हे यंत्र विंडोज ११ घेऊ शकते का? त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे साधन याचे थेट उत्तर देते. मात्र ‘टीपीएम नाही’ असे उत्तर आले तर लगेच निराश होऊ नका. अनेक मदरबोर्डवर ती सोय असते, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते.

इथेच एक सापळा आहे. तपासणीला बगल देऊन जुन्या यंत्रावरही विंडोज ११ बसवून देऊ, असे काही तंत्रज्ञ सांगतात. ते बसतेही, पण अशा यंत्रांना पुढील अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेट मिळावेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चालला आहे.

५. नव्या यंत्रावर कोणते जुने काम अडेल ते आधीच शोधा

सर्वांत जास्त मनस्ताप या टप्प्यावर होतो, म्हणून इथे घाई करू नका.

फॉक्सप्रोमध्ये किंवा डॉसवर लिहिलेले जुने बिलिंग अजून अनेक दुकानांत आणि पतसंस्थांत चालते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. सॉफ्टवेअर लिहून देणारा गृहस्थ आता संपर्कात नसेल, तर जुना डेटा वाचण्यासाठी जुन्या विंडोजची आभासी प्रत (संगणकाच्या आत प्रोग्रामसारखा चालणारा दुसरा संगणक) नव्या संगणकावर, इंटरनेटपासून तोडून, ठेवता येते. ही व्यवस्था नवे यंत्र घेण्यापूर्वी एकदा करून पाहा.

दुसरी अडचण मराठी फाँटची. आमच्या जुन्या दरपत्रकांच्या आणि पत्रांच्या फायली श्री-लिपीत टंकलेल्या होत्या. नव्या संगणकावर ती फाइल उघडली तेव्हा ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उमटली, कारण त्या फाँटमध्ये मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो. तो फाँट बसवल्याशिवाय तो मजकूर वाचता येत नाही. कृतिदेव आणि योगेश या फाँटमधील फायलींचेही तेच होते. जुना संगणक चालू आहे तोवरच अशा सगळ्या फायलींची पीडीएफ काढून ठेवा आणि नेहमी लागणारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्या.

तिसरी अडचण तारांची. कार्बनची बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर २५ पिनांच्या जोडणीचा असेल आणि वजनकाटा ९ पिनांच्या, तर नव्या संगणकावर बहुधा या दोन्ही जागा नसतील. यूएसबीचे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपचे स्वस्त कन्व्हर्टर विंडोज ११ वर चालत नाहीत. आमचा काटा चार दिवस याच कारणाने मुका होता आणि तंत्रज्ञ काट्यातच बिघाड शोधत होता.

चौथी अडचण सामायिक फोल्डरची. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून पासवर्डशिवाय उघडणारे सामायिक फोल्डर मुळातच अडवले जातात. जुन्या मुख्य संगणकावरचा टॅलीचा फोल्डर कोणतेही नाव-पासवर्ड न विचारता उघडत असेल, तर नव्या यंत्रावरून तो उघडणार नाही. यावर उपाय म्हणून सुरक्षा सैल करायला कोणी सांगितले तर ऐकू नका. प्रत्येक कर्मचाऱ्याला नाव आणि पासवर्ड द्या.

आता परवाने. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून आधी सरेंडर करावा लागतो आणि मग नव्यावर सुरू करता येतो. तो ज्या ईमेलवर नोंदला आहे तो पत्ता तुमचा असला पाहिजे, विक्रेत्याचा नव्हे. हे आजच तपासा, कारण यंत्र बंद पडल्यावर त्या पत्त्याशिवाय काहीच हलत नाही.

६. बॅकअप परत उघडून पाहा

आमची डिस्क गेली तेव्हा बॅकअप होता. रोज संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावला जाई आणि ‘पूर्ण झाले’ असा संदेशही येई. मात्र वर्षभरापूर्वी टॅलीचा डेटा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला गेला होता आणि बॅकअप जुन्याच फोल्डरचा निघत होता. पेन ड्राइव्हवर मागच्या वर्षीची बिले होती. आम्ही दोघे भाऊ आणि आमचे हिशेबनीस काका यांनी कार्बन प्रतींवरून बिले पुन्हा चढवली. त्यात किती रात्री गेल्या ते आजही आठवते.

म्हणून संगणक बदलण्याआधी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा, टॅलीत उघडा आणि कालच्या शेवटच्या बिलाचा क्रमांक व बँकेची शिल्लक जुळते का ते डोळ्यांनी पाहा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुकानाबाहेर, हा नियम पाळा. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, कारण खंडणीचा विषाणू जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

७. पैशाचा हिशेब सीएंसोबत बसून करा

वहीतील मिनिटांची बेरीज करा, त्या वेळेत खोळंबलेल्या माणसांचा पगार मांडा आणि त्यात वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च मिळवा. एका वेळच्या दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक होत असेल तर आम्ही दुरुस्ती करत नाही. हा आमचा ठोकताळा आहे, तुम्ही तुमचा ठरवा.

करांच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवा. संगणक आणि सॉफ्टवेअरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर निम्माच, म्हणजे २० टक्के मिळतो. त्यामुळे खरेदी वर्षाच्या पूर्वार्धात झाली तर लाभ अधिक. संगणकावरील १८ टक्के जीएसटीची वजावट नेहमीच्या पद्धतीने नोंदलेल्या व्यापाऱ्याला मिळते, कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) व्यापाऱ्याला मिळत नाही. आणि जीएसटीच्या रकमेवर घसारा घेतला तर तिची वजावट घेता येत नाही, म्हणून बिल कसे नोंदवायचे ते आधी विचारून घ्या.

८. दिवस निवडा

मार्चअखेर आणि दिवाळीचा हंगाम हे दोन काळ पूर्ण टाळा. दर महिन्यात ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी असल्याने, मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांना २१ तारखेनंतरचा आठवडा सोयीचा असतो. एका वेळी एकच संगणक बदला. मुख्य संगणक बदलताना जुना किमान एक महिना जसाच्या तसा बाजूला ठेवा. त्यावर नव्या नोंदी करू नका आणि त्याला कोणाला हातही लावू देऊ नका.

९. खरेदीच्या वेळी मागायचे कागद आणि पाळायची दक्षता

दरपत्रकात प्रोसेसरचे पूर्ण नाव, डिस्कचा प्रकार आणि विंडोजच्या परवान्याचा प्रकार लिहून घ्या. ‘विंडोजसह’ एवढेच लिहिले असेल तर परवाना कोणत्या प्रकारचा ते विचारा. यंत्रासोबत येणारा (त्याला ओईएम म्हणतात) परवाना त्याच यंत्रापुरता असतो, तो पुढे दुसरीकडे हलवता येत नाही. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक असावा.

यंत्र सुरू करताना स्वतः समोर बसा. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली, म्हणजे ती उघडणारा अंकांचा संकेत, त्या खात्यात जमा होते. तंत्रज्ञाने वेळ वाचवण्यासाठी स्वतःचे खाते वापरले तर तुमच्या डेटाची किल्ली त्याच्याकडे राहते. व्यवसायाच्या नावाने खाते काढा, किल्लीची छापील प्रत काढा आणि ती तिजोरीत ठेवा.

१०. जुन्या यंत्राचे काय करावे

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्यामुळे जुना डेटा नव्या टॅलीत उघडतो याची खात्री झाल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका. खात्री झाल्यावर डिस्क यंत्रातून काढून घ्या, तिच्यावर तारीख आणि ‘मुख्य संगणक’ असे लिहून कपाटात ठेवा, आणि उरलेला सांगाडा रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी हीच वाट घालून दिली आहे. त्या केंद्राची पोच घ्या आणि दुसऱ्या टप्प्यात केलेल्या त्या संगणकाच्या पानालाच ती टाचून ठेवा.